उघड्या टाकीचं पाप कुणाच्या नावावर?

गोंदिया जिल्ह्यातल्या गावांमध्ये घरामागच्या सांदवाडीत संडासाची टाकी असते आणि तिचा स्लॅब सहसा रिकामा नसतो. उन्हाळ्यात त्यावर मोहफुलं वाळतात, सुगीत धान पसरलेलं असतं, एरवी भांडी घासायला आणि मोटारसायकल उभी करायला तीच जागा सोयीची पडते. पोरांना तर उंचवटा मिळाला की पुरे. खाली सहा-सात फूट मैलापाणी आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण मधे चार इंच काँक्रीट आहे, म्हणून त्याचा विचार कुणी करत नाही.

हे काँक्रीट खालून झिजतं. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. स्लॅबच्या ओलसर पोटाला चिकटून राहणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. आम्ल सिमेंट खातं, सिमेंट सुटलं की सळई उघडी पडते, गंजते, गंजताना फुगते आणि उरलेल्या काँक्रीटच्या खपल्या पाडते. हवा जायची नळी बुजली असेल किंवा मुळात बसवलीच नसेल तर हे काम आणखी वेगानं होतं. वरून मात्र स्लॅब काल होता तसाच दिसतो. एखादी बारीक चीर, एखादा किंचित खोलगट भाग, पाय आपटला तर पोकळ आवाज, एवढ्याच खुणा. मग एके दिवशी म्हैस, मूल किंवा म्हातारं माणूस त्यावर उभं राहतं.

बदलायला किती लागतात? आठ फूट बाय पाच फुटांची टाकी धरली तर चार इंच जाडीच्या स्लॅबला साधारण तेरा घनफूट काँक्रीट लागतं. म्हणजे सिमेंटच्या तीन बॅगा, आठ एमएमची वीस-एकवीस किलो सळई, रेती, गिट्टी, शिवाय मिस्त्री आणि दोन मजुरांची रोजी. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, पण हिशोब सात-आठ हजारांच्या आसपास येतो. उपशाच्या तोंडावरचं दोन फुटी ढक्कन तेवढं फुटलं असेल तर खर्च याच्या लहानशा भागात भागतो. स्वच्छ भारत मिशनमध्ये एका घराच्या अख्ख्या शौचालयाला १२,००० रुपये प्रोत्साहनपर मिळत होते. त्यात पुढच्या दुरुस्तीचा विचार नव्हता.

सात-आठ हजारांची रक्कम लहान म्हणता येणार नाही. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दरानं हा स्लॅब म्हणजे चोवीस-पंचवीस दिवसांची मजुरी. तेंदूपत्ता तोडून, विड्या वळून किंवा दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करून घर चालवणाऱ्या बाईनं हे काम पुढच्या वर्षावर ढकललं तर तिला दोष देण्याचा अधिकार कुणाला नाही. पण फुटका स्लॅब फक्त तिच्याच घरी नसतो. तो शाळेमागे असतो, मंगल कार्यालयामागे असतो, सिमेंटचं दुमजली घर आणि दारात ट्रॅक्टर असलेल्या वाड्यातही असतो. तिथं पैशाचं कारण चालत नाही. तिथं काहीतरी दुसरं आडवं येतं, आणि ते दुसरं काय हा धर्माच्या क्षेत्रातला प्रश्न आहे.

प्रश्न असा मांडता येईल: ज्यानं ढक्कन बदललं नाही, त्यानं काय केलं? त्यानं कुणाला ढकललं नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. पाप हे केलेल्या कर्माचं फळ म्हणायचं तर इथं कर्म कुठे आहे?

या प्रश्नावर फार जुन्या काळी नेमकं बोट ठेवलेलं आढळतं ते यहुदी परंपरेत. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले मराठीभाषक बेने इस्राएल ज्या तोराला मानतात, तिच्या निर्गम या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात उघड्या खड्ड्याचा कायदा आहे. कुणी खड्डा उघडला किंवा खणला, तो झाकला नाही आणि त्यात बैल किंवा गाढव पडलं, तर खड्ड्याच्या मालकानं भरपाई द्यायची. त्यावर पुढे तालमूदच्या 'बाबा कम्मा' या भागात धर्मपंडितांनी बारकाईनं खल केला. खड्डा दोघांच्या मालकीचा असेल तर काय? पहिला त्याच्याजवळून गेला आणि त्यानं झाकला नाही, दुसराही गेला आणि त्यानंही झाकला नाही, तर जबाबदार दुसरा. ज्यानं शेवटी पाहिलं आणि पुढे गेला, त्याच्यावर दोष. पहिल्यानं झाकलेला खड्डा दुसऱ्याला पुन्हा उघडा दिसला आणि तो तसाच पुढे गेला, तरी जबाबदार दुसराच.

आणखी एक मुद्दा तर आजच्या स्लॅबलाच लागू पडतो. मालकानं नीट झाकण घातलं होतं, तरीही जनावर पडून मेलं, असं कधी होईल? झाकण आतून किडलं असेल तेव्हा, असं उत्तर तिथं येतं, आणि त्या मालकाला दोषमुक्त केलं जातं, कारण आतली कीड त्याला दिसणं शक्य नव्हतं. न्याय योग्य आहे. पण ती सूट आज कुणाला मिळू नये. काँक्रीट आतून कसं आणि का कुजतं हे आता कळलेलं आहे. कळलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवणाऱ्याला न दिसल्याचा आधार घेता येत नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न तर्कशास्त्रातून आला. पूर्वमीमांसेनं सांगितलं की नित्यकर्म न केल्यानं प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. संध्या केली तर विशेष पुण्य नाही, पण चुकवली तर दोष आहे. यावर शंकराचार्यांनी हरकत घेतली. न करणं म्हणजे कर्माचा अभाव, आणि अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट कशी निघेल? नसण्यातून असणं जन्माला येत नाही. त्यांच्यापुढे संन्याशाचा प्रश्न होता. ज्यानं विधी सोडले त्याला पाप लागत नाही हे त्यांना दाखवायचं होतं, आणि संन्याशापुरता तो युक्तिवाद भक्कम आहे.

टाकी मात्र गृहस्थाची आहे, आणि तिथं कणादांचं म्हणणं जास्त उपयोगी पडतं. वैशेषिक सूत्रांत पडण्याचं कारण सांगताना ते दोन गोष्टी एकत्र ठेवतात: वस्तूचा जडपणा आणि आधाराशी असलेल्या संयोगाचा अभाव. नुसत्या जडपणानं काही पडत नाही. झाडावरचं फळ जडच असतं, देठ आहे तोवर ते लटकून राहतं. देठ सुटला की पडतं. म्हणजे पतनाच्या कारणांत अभावाला जागा आहे. पुढे नैयायिकांनी हे आणखी स्पष्ट केलं. चंद्रकांत मणी जवळ असला तर आग जाळत नाही असं धरून चाललं, तर आग जाळते तेव्हा त्या मण्याचं तिथं नसणं हेही जळण्याच्या कारणांपैकी एक मानलं पाहिजे. प्रतिबंधकाचा अभाव हे कारण आहे. अभाव हा त्यांच्या दर्शनात स्वतंत्र पदार्थ ठरला तो अशाच विचारांच्या बळावर.

टाकीच्या तोंडावरचं ढक्कन हे असं प्रतिबंधक आहे. ते नसणं, किंवा असून नसल्यासारखं असणं, हे मृत्यूचं कारण आहे, आणि कारण ज्याच्या हातात होतं त्याला कर्ता म्हणावंच लागेल. जैन आचार्य उमास्वातींनी हिंसेची व्याख्या केली तीही इथंच येऊन मिळते. प्रमादानं, बेसावधपणानं प्राण हिरावले जाणं म्हणजे हिंसा. तिथं द्वेष असण्याची अट नाही. म्हणूनच जैन साधूंच्या पाच समित्यांमध्ये उत्सर्ग समिती आहे: मलमूत्र टाकतानाही कुठल्या जीवाला इजा होणार नाही अशी जागा पाहून टाकणं. साधूच्या दिवसातल्या सगळ्यात मामुली कृतीला अहिंसेच्या व्रतात बसवणारे ते लोक होते.

शंकराचार्यांच्या युक्तिवादात आणखी एक पायरी आहे आणि ती या विषयात सगळ्यात खोल जाते. नित्यकर्म न करणं पाप निर्माण करत नाही, असं म्हणून ते थांबत नाहीत. न करणं ही आधीच साठलेल्या पापाची खूण आहे, असं ते तैत्तिरीय भाष्याच्या प्रस्तावनेत सुचवतात. संन्याशाच्या संदर्भातून हा विचार उचलून सांदवाडीत आणला तर तो विलक्षण खरा ठरतो. ट्रॅक्टर असलेल्या घरात ढक्कन फुटकं का राहतं? कारण त्या बाजूला घरातलं कुणी बघत नाही. कारण मैल्याशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याची आहे, ती बघणं, उघडणं, मोजणं हे आपलं काम नव्हे, ही शिकवण शतकानुशतकं अंगात मुरली आहे. फुटकं ढक्कन ही त्या साठलेल्या शिवाशिवीची खूण आहे.

याला पुरावा आहे. डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स या संशोधकांनी उत्तर भारतातल्या गावांमध्ये पाहणी करून २०१७ साली 'व्हेअर इंडिया गोज' हे पुस्तक लिहिलं. सरकारी शिफारशीतला शोषखड्डा सुमारे पन्नास घनफुटांचा, पण स्वतःच्या पैशानं बांधणारे लोक त्याच्या पाचपटीहून मोठा खड्डा किंवा टाकी बांधतात, असं त्यांना आढळलं. कारण विचारलं तर उत्तर एकच: लवकर भरू नये. भरला तर उपसायचा कुणी? स्वतः तर नाहीच, आणि ज्या जातीवर हे काम लादलं होतं ती माणसं आता नकार देतात, आणि तो नकार त्यांचा हक्क आहे. म्हणून पिढीभर पुरेल एवढी टाकी. आकडे उत्तरेतले आहेत, पण गोंदिया-भंडाऱ्याच्या गावांत मिस्त्रीला टाकी सांगताना घरमालक हेच बोलतो. टाकी जितकी मोठी तितका स्लॅब मोठा, तितका तो महाग, आणि तितकी वर्षं तो कुणी उघडून बघत नाही. शुद्ध राहण्याच्या धडपडीतून घराखाली सगळ्यात धोकादायक पोकळी तयार होते.

खरं तर दोन शोषखड्ड्यांच्या संडासात हा प्रश्नच उरत नाही. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यातला मैला वर्ष-दीड वर्षात मातीसारखा होतो, त्याला वास येत नाही आणि तो शेतात टाकता येतो. हे लोकांना पटावं म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणात वरंगळजवळच्या गंगादेवीपल्लीत स्वतः खड्ड्यात उतरले आणि त्यांनी ते खत हातानं बाहेर काढलं. भारत सरकारच्या सचिवाला हे करून दाखवावं लागलं, यातच अडचण तांत्रिक नसल्याचं दिसतं.

दुसऱ्याचं काम म्हणून ज्याच्याकडे पाहिलं जातं, त्या कामात माणसं मरतात. ११ मे २०२३ रोजी परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथं, शेतातल्या घराची टाकी साफ करताना पाच जण गेले. मार्च २०२२ मध्ये पुण्याजवळ लोणी काळभोरला चार जण गेले. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीच्या टाकीत तीन मजूर मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि २०२१ मध्ये न्यायालयानं प्रत्येकीला दहा लाख देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारं आणि टाक्या साफ करताना देशात ३७७ जण मेल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं.

यातली एक गोष्ट घरमालकांना सहसा माहीत नसते. टाकी नवीन असेल, तिच्यात मैल्याचा थेंबही नसेल, तरी ती मारू शकते. स्लॅब ओतून झाल्यावर खालच्या सेंट्रिंगच्या फळ्या काढायला मजूर आत उतरतो. मधल्या दिवसांत साचलेलं पाणी आणि ओलं लाकूड कुजून आतला प्राणवायू संपलेला असतो. तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, त्यामुळे वास येत नाही म्हणून धोका नाही असं समजणारा तिथंच फसतो. तेव्हा स्लॅबचा खर्च काढताना टाकीत कुणाला उतरावं लागणार नाही अशी रीत निवडणं हे धर्माचरणच आहे: स्लॅबच्या पट्ट्या जमिनीवर ओतायच्या, पाणी मारून पिकवायच्या आणि मग टाकीवर ठेवायच्या. सेंट्रिंगची गरजच पडत नाही.

हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी आणणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. तारीख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणाची. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा त्यात गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मृताच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. साडेसात हजारांचा एक स्लॅब धरला तर तेवढ्या पैशांत चारशे घरांच्या टाक्या झाकून होतात. पैसा कुठून येणार, असं विचारणाऱ्या प्रत्येक सभेत हा आकडा ठेवायला हवा.

ढक्कन नसल्याची किंमत शहरानंही मोजली आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या पावसात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर प्रभादेवीत उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पाणी उतरावं म्हणून झाकण काढलेलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. उघड्या तोंडाला जबाबदार माणूस असतोच, हे तोराचं म्हणणं उच्च न्यायालयाच्या निकालात रुपयांच्या आकड्यासह आलं.

वारकरी परंपरेत चोखामेळ्याच्या मृत्यूची कथा सांगितली जाते. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, वेठीला धरलेले मजूर भिंत रचत होते, ती कोसळली आणि त्याखाली चोखोबा गेले. साल १३३८. नामदेव महाराज हाडं शोधायला गेले तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती त्यांनी ओळखली, अशी श्रद्धा आहे, आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. कीर्तनात या कथेतला चमत्कार रंगवला जातो, आणि तो भावतोही. पण भिंत कच्ची का होती, तिच्याखाली कोण उभं केलं होतं आणि कुणाच्या हुकमानं, हा प्रश्न कथेतच पडून आहे. एक संत असुरक्षित बांधकामाखाली, जातीनं लादलेलं काम करताना मरण पावला. लाखो वारकरी दर आषाढीला त्या समाधीवर डोकं ठेवतात. तिथं मनात येणारा हळहळीचा भाव गावातल्या टाकीपर्यंत पोहोचायला हवा, इतकी अपेक्षा गैर नाही.

ढक्कनाचा थेट उल्लेख धर्मग्रंथात हवा असेल तर तो पाली विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात बुद्धांनी संडासाबद्दल दिलेल्या परवानग्यांची एक मालिकाच येते. भिक्खू विहाराच्या आवारात कुठेही बसत, आवार घाण होई, म्हणून एका बाजूला बसायची आज्ञा झाली. तिथं दुर्गंधी येऊ लागली, म्हणून खड्डा. खड्ड्याच्या कडा ढासळू लागल्या, म्हणून विटा, दगड किंवा लाकडाचं अस्तर. पाणी शिरू लागलं, म्हणून जोतं उंच. कडेवर बसणारे पडू लागले, म्हणून वर आच्छादन करून मधे भोक. आणि खड्डा उघडा राहून वास सुटू लागला, म्हणून झाकण. एकेक अडचण समोर आली, तिच्यावर एकेक उपाय सांगितला, आणि तो दुःखमुक्तीचा मार्ग सांगणाऱ्या संघाच्या नियमांत लिहिला गेला.

त्याच ग्रंथात पुढे संडासात ज्येष्ठतेचा मान रद्द केल्याचं येतं. आधी ज्येष्ठ भिक्खू जायचे, नवे ताटकळत राहून चक्कर येऊन पडायचे. मग जो आधी येईल तो आधी जाईल असं ठरलं. ब्राह्मण कुळातल्या एका भिक्खूला शौचानंतर धुवायची किळस वाटे. त्यावरून आचाराचे नियम झाले. संडास घाण दिसला तर ज्याला दिसेल त्यानं झाडायचा, शौचानंतर धुण्याच्या रांजणात पाणी नसेल तर ज्याला दिसेल त्यानं भरायचं. शेवटी पाहिलं त्याच्यावर जबाबदारी, हा तालमूदमधला न्याय आणि हा विनय एकमेकांना न ओळखता एकाच ठिकाणी पोचले.

गोंदियात या ग्रंथाला वारस आहेत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्याआधी तो भंडाऱ्याचा भाग होता, आणि १९५४ ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेबांनी याच मुलखात लढवली. ते हरले. दोन वर्षांनी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि या पट्ट्यातल्या गावांनी मोठ्या संख्येनं ती घेतली. जातीनं लादलेली कामं नाकारणं हा त्या दीक्षेच्या आचरणाचा भाग होता. आता त्या नकाराबरोबर विनयातली दुसरी बाजूही, म्हणजे आपली जागा आपण नीट ठेवण्याची शिस्त, विहाराच्या सभांत वाचली गेली तर ती उसनी वाटणार नाही. आणि ती फक्त बौद्धांनी वाचावी असंही काही नाही. टाकी सगळ्यांच्याच घरामागे आहे.

धर्मशास्त्रातही याला जागा आहे. विहीर, तलाव, बाग, देऊळ बांधणं याला पूर्तकर्म म्हटलं आहे आणि विष्णुस्मृती सांगते की या गोष्टी मोडल्यावर जो दुरुस्त करतो त्याला मूळ बांधणाऱ्याइतकंच फळ मिळतं. गोंदियाच्या लोकांना हे उदाहरणानं समजावण्याची गरज नाही. हा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांचा जिल्हा आहे. कोहळी समाजानं पाळी (बांध) घालून, उतार ओळखून हे तलाव बांधले. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटलाचं नाव आजही जोडलं जातं. तलाव टिकले ते दरवर्षी पाळ बघणाऱ्या, फुटलेली जागा माती टाकून बुजवणाऱ्या गावांमुळे. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले आणि 'आपलं काम' हे 'सरकारचं काम' झालं. अनेक तलावांत गाळ भरला. नवं बांधण्याचं कौतुक आणि जुनं राखण्याचा कंटाळा हा रोग टाकीच्या ढक्कनापुरता नाही, पण तिथं तो जीव घेतो.

महाराष्ट्रात हे ओळखून आयुष्य वेचलेली माणसं झाली. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच द्यायचा नियम असल्यानं त्यांना नकार मिळाला. त्यांनी अन्न कमी केलं, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबरात उपोषण सुरू केल्यावर सरकार नमलं. पुढे अप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणारा स्वस्त संडास घडवला. अस्पृश्यतेवर तत्त्वचर्चा करणारे तेव्हा पुष्कळ होते. खड्डा, झाकण, राख आणि माती यांची मापं बसवण्यात वर्षं घालवणारा हा तत्त्वज्ञ वेगळा होता.

त्यांच्या वाटेनं डॉ. सुहास मापुसकर गेले. १९५९ मध्ये ते तुकोबांच्या देहूत सरकारी डॉक्टर म्हणून आले. बांधलेले पहिले संडास पावसात खचले आणि गाव चिडलं. ते पळून गेले नाहीत. खड्ड्याचं अस्तर, झाकण, वायू आणि खत यांचा अभ्यास करत, घराघरात जात त्यांनी पुढची कित्येक वर्षं देहूत काढली आणि तिथंच अप्पासाहेबांच्या नावानं संस्था उभी केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या गावाला वारकरी तुकोबांसाठी जातात, त्या गावात हेही काम झालं आहे, हे दिंडीतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

गोंदियाच्या गावांत हे करायला नवी संस्था लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यांची गुरुदेव सेवा मंडळं गावोगाव आहेत. पहाटेची ग्रामसफाई आणि रामधून जिथं अजून निघते, तिथं ती पावसाळ्याआधी एकदा सांदवाड्यांच्या बाजूनं फिरवता येईल. काठीनं स्लॅब ठोकून पाहायचा, पोकळ वाजला तर चुन्यानं खूण करायची, त्यावर पोरांना जाऊ द्यायचं नाही. शाळा, अंगणवाडी आणि सार्वजनिक संडास यांची ढक्कनं ग्रामपंचायतीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. विधवा, वृद्ध आणि मजूर यांच्या घरी सिमेंट, सळई गावानं द्यावी, मिस्त्रीनं एक दिवस द्यावा. ज्यांना परवडतं त्यांच्या दारात गावानं एकदा जाऊन विचारावं: तुम्ही हे पाहिलं आहे ना?

मिस्त्रीला सांगताना चार गोष्टी विसरू नयेत. पट्ट्या बाहेर ओता, आत कुणी उतरू नका. सळईखाली पाऊण ते एक इंच काँक्रीट राहू द्या, म्हणजे आम्लाला ती गाठायला वेळ लागेल. हवेची नळी घराच्या छताच्या वर न्या आणि तिच्या तोंडाला जाळी बांधा. उपशाचं ढक्कन पोराला उचलता येणार नाही इतकं जड किंवा कुलपाचं ठेवा, पण ते मातीखाली गाडू नका, कारण दोन-तीन वर्षांनी सक्शनची गाडी येईल तेव्हा ते सापडलं पाहिजे. आणि जुना स्लॅब उचलताना टाकीत काही पडलं, पार मोबाईल पडला तरी, त्याच्यामागे कुणालाही उतरू देऊ नका.